दोन थेंब, चेनच्या पोटात

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलच्या चेनला तेल घालणं हे काम तसं अर्ध्या तासाचं. पण ते उरकल्यावर घरात जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. फरशीवर काळा डाग, मागच्या टायरवर तेलाचा ओघळ, रिमवर शिंतोडे आणि तेल घालणाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे. एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली की ते तेल उडतं ते थेट कपड्यांवर. शुक्रवारी धुतलेला पांढरा पायजमा घालून नमाजाला निघालेल्या माणसाच्या पोटरीवर काळ्या ठिपक्यांची रांग दिसली, की समजावं, काल याने चेनला तेल घातलं आहे. मग घरच्यांचं ठरलेलं वाक्य येतं, 'हे उद्योग गॅरेजात करा, घरात नको.' आणि पुढचे सहा महिने चेनकडे कुणी बघत नाही.

मी गेली तीसेक वर्षं दुचाकी चालवतो. आज आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एकीची चेन पूर्ण कव्हरमध्ये झाकलेली, दुसरीची उघडी. आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या उस्तादांकडून मी या बाबतीत एक गोष्ट शिकलो. ते म्हणतात, 'तेल चेनला नको, चेनच्या पोटात पाहिजे.' मला वाटतं, सगळा विषय या एका वाक्यात आला. फरशीवर, टायरवर, पायजम्यावर जे पडतं ते चेनच्या पोटात न गेलेलं तेल. घाण होते ती तेल घातल्यामुळे नव्हे, चुकीच्या जागी आणि जास्त घातल्यामुळे. म्हणजे स्वच्छ काम आणि बरोबर काम ही इथे दोन कामं नाहीत, एकच आहे.

आता हे चेनचं पोट म्हणजे काय ते पाहू. आपण वापरतो ती बुश-रोलर चेन. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली तिचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून तिची मूळ रचना जवळपास तशीच आहे. चेनची एक कडी जवळून पाहा. दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या. त्यांना जोडणारी एक पिन. ती पिन एका छोट्या नळीत फिरते, त्या नळीला बुश म्हणतात. आणि बुशवर बाहेरून एक मोकळा फिरणारा रोलर. हा रोलर दातेरी चकतीच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्पॉकेटच्या, दोन दातांमध्ये बसतो. चेन स्पॉकेटवर वळते तेव्हा प्रत्येक सांध्यात पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. खरं घर्षण होतं ते इथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी.

आपल्या रोजच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर असतं, आणि असे शंभराहून अधिक सांधे असतात. आता हिशेब करा. तेलाअभावी एकेका सांध्यात मिलीमीटरचा केवळ दहावा हिस्सा झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून ती १० मिलीमीटर होते. आपण म्हणतो, 'चेन लांबली.' चेन रबरासारखी ताणली जात नाही. ती आतून झिजलेली असते आणि ती झीज लांबीच्या रूपाने बाहेर दिसते. झिजलेली चेन मग स्पॉकेटचे दात खाते. दात मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वाकडे दिसू लागले की चेन आणि दोन्ही स्पॉकेट असा पूर्ण संच बदलावा लागतो. आणि अशी चेन भर रस्त्यात तुटली तर कधी ती मागच्या चाकात अडकून चाक जाम करते, कधी इंजिनाच्या कव्हरवर आपटून ते फोडते. रोज पहाटे दुधाचे कॅन लावून निघणाऱ्याला किंवा रात्री उशिरा घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराला हे परवडणारं नाही.

म्हणून तेल हवं ते पिन आणि बुश यांच्या मध्ये, आणि थोडंसं बुश व रोलर यांच्या मध्ये. तिथे जायची वाट एकच आहे, आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामधली बारीक फट. चेनच्या बाहेरच्या अंगावर थापलेल्या तेलाला ती वाट सापडत नाही. ते तिथेच बसतं, रस्त्यावरची धूळ गोळा करतं आणि काळी चिकट लापशी तयार होते. वाळू आणि तेल यांची ही लापशी म्हणजे पॉलिश पेपरच. चेन तेलाने चमकते आहे, म्हणून आपण खूश. आणि ती मात्र कणाकणाने झिजते आहे.

ग्रीस फासणाऱ्यांचंही हेच होतं. डब्यातलं घट्ट ग्रीस त्या फटीतून आत शिरत नाही. जुने मिस्त्री चेन पूर्ण उतरवून रॉकेलमध्ये धूत आणि मग ग्रीस तापवून पातळ केलेल्या डब्यात ती भिजवत ठेवत. पातळ ग्रीस सांध्यात शिरे आणि थंड झाल्यावर तिथेच थिजे. त्यात अक्कल होती. पण वरून बोटाने ग्रीस थापणं म्हणजे त्या पद्धतीची नुसती नक्कल. आणि घरच्या शेगडीवर ग्रीस तापवणं आगीला आमंत्रण आहे, तो प्रयोग कुणी करू नये.

तेल घालण्याआधी आपली चेन कोणत्या जातीची आहे ते बघून घ्या. बऱ्याच गाड्यांना आता सीलबंद चेन येते. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये रबराचं काळं बारीक कडं दिसलं तर ती ओ-रिंगची चेन. तिच्या सांध्यात कारखान्यातच ग्रीस भरून रबराने तोंड बंद केलेलं असतं. मग वरून तेल कशाला, असं कुणी विचारेल. ते लागतं रोलर आणि स्पॉकेटसाठी, पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून आणि ते रबर कोरडं पडून तडकू नये म्हणून. अशा चेनला पेट्रोल लावू नये आणि तारेचा ब्रश तर मुळीच नको. रबराचं कडं एकदा गेलं की आतलं ग्रीस गेलं, आणि ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही.

आता पद्धत सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही पायजम्यावरच्या डागापेक्षा फार मोठी आहे.

चेन पुसायला सोपं जावं म्हणून कित्येक जण गाडी मेन स्टँडवर लावतात, इंजिन सुरू करतात, पहिला गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडकं धरतात. चेन आपोआप सरकते, फडकं एका जागी धरलं की काम झालं. दिसायला सोयीचं आहे. फडक्याचा एक धागा चेन आणि स्पॉकेटच्या मध्ये सापडला की फडकं आत ओढलं जातं, आणि फडक्यामागून बोटं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आमच्या भागातल्या एका गॅरेजात काम शिकणाऱ्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच पेरापासून गेली. त्या वेळी तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. आजही चहाचा ग्लास तो डाव्या हातानेच घेतो. हातावरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना या जखमा चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यांत लहान मुलंही असतात, कारण फिरतं चाक पाहिलं की मुलाचा हात तिकडे जातोच.

तेव्हा नियम असा : इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि मुलं लांब. चाक फिरवायचं ते फक्त हाताने, टायरला धरून. आणि तेही उलट्या दिशेने, म्हणजे गाडी मागे ढकलताना फिरतं तसं. त्याचं कारण आहे. चाक उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्पॉकेटच्या दातांपासून सुटत बाहेर येते. सुलटं फिरवलं तर तीच चेन दातांत शिरते आणि जवळ असलेलं बोट, फडकं, अंगठी आत नेते. हाताने फिरवलेलं चाकसुद्धा बोट चेंगरायला पुरेसं असतं.

वेळ निवडायची ती संध्याकाळची, गाडी चालवून घरी आल्यानंतरची. चेन थोडी गरम असते, त्यामुळे तेल पातळ होऊन फटीत लवकर उतरतं. शिवाय गाडी रात्रभर उभी राहणार असते, तेलाला आत मुरायला वेळ मिळतो. आपण बहुतेक जण उलटं करतो. सकाळी ऑफिसला निघताना घाईने तेल ओततो आणि लगेच किक मारतो. साठच्या वेगाने जाताना पुढचं छोटं स्पॉकेट सेकंदाला साधारण २५ वेळा फिरतं. वर तरंगणारं तेल तिथे टिकणार कसं? पहिल्या चौकापर्यंतच ते उडून गेलेलं असतं, आणि कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे.

सामान घरातलंच लागतं. जुनी वर्तमानपत्रं, बुटाच्या खोक्याचं झाकण, दोन-तीन सुती चिंध्या, जुना टूथब्रश, खडूचा तुकडा आणि सुई नसलेली औषधाची सिरिंज. तेल म्हणाल तर गॅरेजात ज्याला ९० नंबरचं गिअर ऑईल म्हणतात ते. किंवा चेनसाठीचा स्प्रे मिळतो तो, पण सीलबंद चेनला तो चालतो असं डब्यावर लिहिलेलं असावं. धुण्यासाठी थोडं रॉकेल. रेशनचं रॉकेल आता बऱ्याच ठिकाणी दुर्मीळ झालं आहे. ते नसेल तर चेन साफ करायचं द्रव दुकानात मिळतं. पेट्रोल नको, ते भडकतं.

गाडीखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या पसरा. ही पुरवणीही चालेल, वाचून झाल्यावर. खोक्याचं झाकण चेन आणि टायर यांच्या मध्ये उभं धरा. हे झाकण फार महत्त्वाचं. टायरवर तेल पडलं तर वळणावर गाडी घसरते आणि ब्रेकच्या चकतीवर पडलं तर ब्रेक लागत नाही. चुकून पडलंच, तर टायर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा केल्याशिवाय आणि ब्रेकची चकती चांगली साफ करून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पहिलं काम साफसफाईचं. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून पिळून घ्या आणि खालच्या चेनला गुंडाळून वीतभर भाग पुसा. मग हात बाजूला घ्या, चाक थोडं फिरवा, पुढचा वीतभर भाग. पट्ट्यांच्या कडेला बसलेला मळ टूथब्रशने निघतो. रॉकेल चेनवर ओतायचं नाही, फक्त पुसायचं. ओतलं तर मळच पातळ होऊन आत जातो. शेवटी कोरड्या चिंधीने पुसून पाच-दहा मिनिटं वाळू द्या. पाण्याचा जोरदार फवारा चेनवर मारून घेऊ नका. तो मातीसकट पाणी सांध्यात घुसवतो.

आता तेल. एका कडीवर खडूने खूण करा, म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळेल. सिरिंजमध्ये तेल भरा. चेनच्या खालच्या पट्ट्याची जी वरची, म्हणजे आतली बाजू असते, तिथे तेल सोडायचं. बाहेरच्या बाजूला नाही. कारण चेन फिरते तेव्हा तेल आतून बाहेर फेकलं जातं. आतल्या बाजूला सोडलेला थेंब बाहेर जाताना सांध्यातून जातो. बाहेरच्या बाजूला सोडलेला सरळ हवेत जातो. प्रत्येक सांध्याला दोन थेंब, एक डाव्या फटीवर, एक उजव्या फटीवर. सांधे शंभर धरा किंवा सव्वाशे, सगळे थेंब मिळून चहाचे दोन चमचे भरतात न भरतात. एवढंच तेल चेनला लागतं. एक लिटरची बाटली अशा शंभराहून अधिक वेळा पुरते.

खडूची खूण परत आली की थांबा. चाक हाताने आठ-दहा वेळा उलटं फिरवा आणि गाडी तशीच सोडून चहा प्यायला जा. पंधरा मिनिटांनी येऊन कोरड्या चिंधीने सगळी चेन बाहेरून पुसून काढा. हीच पायरी लोक गाळतात. 'घातलेलं तेल पुसायचं कशाला?' असं वाटतं. पण आत जायचं ते तेल तोवर आत गेलेलं असतं. बाहेर राहिलेलं नुसतं धूळ पकडणार आणि कपडे खराब करणार. पट्ट्यांवर हाताला जाणवेल न जाणवेल असा पातळ लेप राहिला की गंजापुरतं पुरे. तेलकट चिंध्या आणि कागद गुंडाळून कचऱ्यात टाका. गटारात किंवा विहिरीजवळ काही सांडू नका.

ज्यांची चेन पूर्ण कव्हरमध्ये आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्या कव्हरला रबराचं एक बूच असतं. ते असतं चेन ढिली आहे का ते बोट लावून बघण्यासाठी. आपण मात्र त्यातून आत तेल ओततो. ते कव्हरच्या तळाशी साचतं आणि आठवडाभर अंगणात थेंब थेंब गळत राहतं. कव्हरचे नट काढून, चेन मोकळी करून वरच्याच पद्धतीने तेल द्यावं. कव्हरमुळे धूळ कमी बसते, म्हणून हे काम वारंवार करावं लागत नाही, एवढा त्याचा फायदा. पावसाळा संपल्यावर मात्र एकदा कव्हर उघडून आतला चिखल काढायलाच हवा.

आणखी एक सांगायला हवं. हे कव्हर किंवा मागच्या चाकाची जाळी अडचण वाटते म्हणून काही जण काढून ठेवतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो. साडीचा पदर, ओढणी, बुरख्याचं टोक यांना चेन आणि चाक ओळखत नाही. ती जाळी आपल्या घरच्यांसाठी असते.

किती दिवसांनी तेल घालायचं? उघड्या चेनला साधारण दर ५०० किलोमीटरला. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पण पुस्तक छापणाऱ्याला आपला रस्ता माहीत नसतो. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा चिखल असेल, कोकणातली खारी हवा आणि लाल माती असेल, तर त्याआधीही लागेल. भर पावसातून आल्यावर चेन निदान कोरड्या फडक्याने पुसून ठेवावी. चेनचा ढिलेपणाही त्याच वेळी बघावा. बऱ्याच गाड्यांत खालची चेन मधोमध वर-खाली २० ते ३० मिलीमीटर हलायला हवी. त्याहून घट्ट असली तर बेअरिंगवर ताण येतो, सैल असली तर स्पॉकेटवरून उतरते.

गॅरेजातलं जुनं, काळं इंजिन ऑईल फुकट मिळतं म्हणून ते चेनला घालणारेही पुष्कळ आहेत. त्यात इंजिनातली काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. शिवणयंत्राचं तेल इतकं पातळ की दोन किलोमीटरही टिकत नाही. खोबरेल केसांसाठी ठेवावं.

आपल्या भाषेत 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, माया आणि तेल. बैलगाडीच्या काळात वंगण गाडीबरोबरच असे, आणि चाक कुरकुरलं की गाडीवान थांबून ते घाली. तो आवाज त्याला बैलाच्या श्वासासारखा ओळखीचा होता. आपण हेल्मेट घालून, हॉर्न वाजवत जातो. चेनची कुरकुर आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून महिन्यातून एकदोन संध्याकाळी तिच्याजवळ बसायला हवं.

काम नीट झालं का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. फेरफटका मारून या, गाडी बंद करा, किल्ली काढा आणि मागच्या रिमच्या चेनकडच्या बाजूवर कोरडं बोट फिरवा. बोट काळं झालं, तर पुढच्या वेळी तेल कमी घाला आणि जास्त पुसा. बोट स्वच्छ निघालं आणि चेनही कोरडी खडखडत नसली, तर तेल तिच्या पोटात आहे असं समजा.